लेकीचा फ्रॉक डोक्यातून जाईना! (घरचं शिवण, उरलेलं कापड वगैरे)

वाळूतली_पावलं
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आज राहवलं नाही. रत्नागिरीजवळ राहते, लेक नुकतीच ३ वर्षांची झालीय. सासूबाईंचं पायाचं मशीन माळ्यावर पडून होतं ते खाली काढलं, तेलपाणी केलं आणि ठरवलं की यंदा गणपतीत लेकीला घरी शिवलेला फ्रॉक घालायचा. आईची एक सुती साडी होती, पदराकडे विरलेली पण बाकी छान, हिरवी, बारीक लाल काठ. नेटवरून फुकटचं पॅटर्न उतरवलं, ३ वर्षांच्या मापाचं, बाजारातून प्रिंट काढून आणली, कागद चिकटवले, अगदी मन लावून कापलं. पॅटर्नमध्ये गळ्याला आतून अस्तराची पट्टी होती पण मला ते झेपेना म्हणून उरेब पट्टी, म्हणजे कापड तिरकं कापून काढलेली पट्टी, लावली (दोनदा उसवून!!). काल रात्री घालायला गेले तर डोक्यातून जाईचना. कानाशी येऊन अडकला. ती आत ओरडतेय, नवरा वरून ओढतोय आणि सासूबाई म्हणतायत अगो तिचे कान ठेव जाग्यावर.

मग पायाकडून वर चढवला तर चढला. छातीला बसतो, जरा घट्टच. पण गणपतीत पायाकडून फ्रॉक घालायचा का रोज? काय चुकलं असेल? आणि दुसरं, तुम्ही कुणी मुलांचे कपडे घरी शिवता का उरल्यासुरल्या कापडाचे? परवडतं का की नुसती हौस?

देवगडचा_आंबट
अगो फ्रॉक ल्हान जावक नाय, चेडवाचा टकला मोठा आसा. हुशार आसतला चेडू.

रानमोगरा
हाहाहा कान ठेव जाग्यावर 😂

केवडा
नाउमेद करत नाहीये पण प्रामाणिक मत देते. परवडत नाही. आठवडी बाजारात २०० रुपयांत बऱ्यापैकी फ्रॉक मिळतो. घरी शिवायचा म्हणजे कापड फुकटचं धरलं तरी दोरा, बटणं, इलॅस्टिक, प्रिंटचे पैसे आणि तुमचे तीन दिवस. तीन दिवसांत मी आंबोळ्यांचं पीठ विकून जास्त कमावीन. शिवाय मुलं सहा महिन्यांत वाढतात. मी एकदाच शिवला होता माझ्या मुलाला झगा, तो त्याने एकदाच घातला, तोही फोटोपुरता.

उरेबपट्टी
केवडाताई, २०० च्या फ्रॉकचं कापड हातात घेऊन बघा एकदा, पॉलिएस्टर असतं बहुतेक, आणि आपल्याकडच्या घामात लेकरू घामोळ्यांनी भरतं. पण ते जाऊदे, आधी धागाकर्तीचा, म्हणजे जिने हा विषय काढला तिचा, फ्रॉक.

मी चिपळूणला वीस वर्षं शिवणाचे क्लास घेतेय (नावावरून कळलंच असेल) आणि ही तक्रार दर बॅचला एक तरी घेऊन येते. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणजे देवगडकर बरोबरच बोलले. ३ वर्षांच्या मुलीचं डोकं साधारण १९ ते २० इंच भरतं आणि छाती २१ च्या आसपास. मोठ्या माणसाच्या गळ्यातून बहुतेक वेळा डोकं जातं, लहान मुलाच्या नाही जात. टीशर्ट जातो कारण ते विणीचं कापड ताणतं, साडीचं कापड जराही ताणणार नाही. म्हणून टेप घेऊन डोक्याचा घेर मोजायचा, कपाळावरून मागच्या उंचवट्यावरून, आणि गळ्याचा घेर त्याच्यापेक्षा एक इंच तरी जास्त ठेवायचा. नाहीतर मागे चीर द्यायची.

आता उरेब पट्टी. तुम्ही लिहिलंय की पॅटर्नमध्ये आतून पट्टी होती आणि तुम्ही ती सोडून उरेब लावली. तिथेच मेख आहे बहुतेक. आतली पट्टी लावताना आपण कडेपासून पाव इंच आत शिलाई मारतो आणि उलटून टाकतो, म्हणजे ते पाव इंच कापड आत जातं आणि गळा सगळीकडून पाव इंचाने मोठा होतो. पाव इंच म्हणजे काय असं वाटतं, पण गोलाला ते घेरात दीड इंच होतं. उरेब पट्टीने तुम्ही कड गुंडाळलीत, म्हणजे कड आहे तिथेच राहिली आणि तो दीड इंच तुम्हाला मिळालाच नाही.

उसवू नका. पाठीच्या मध्यावर ४ इंच चीर द्या, चिरीला बारीक पट्टी लावा, वर एक बटण आणि दोऱ्याची कडी. झालं.

वाळूतली_पावलं
अरे देवा. दीड इंच. मी पट्टी टाळली ते सोपं म्हणून आणि वर दोनदा उसवत बसले. चिरीचं करते. कात्री लावायची भीती वाटते मात्र, तयार फ्रॉकला.

गोदाकाकू
अगं घाबरू नकोस, कापड आपल्या हातात असतं तोवर काही बिघडत नाही. मी गुहागरची, वय विचारू नका. आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालतच नसत. सासूबाईंचं जुनं लुगडं फाडून लंगोट, दुपटी, झबली. नऊवारी म्हणजे जवळजवळ ८ मीटर, एका लुगड्यात बाळाचं सहा महिन्यांचं होत असे. धुऊन धुऊन ते असं मऊ झालेलं असे की हातात घेतलं तर वजन कळत नसे, आणि कांजी तर केव्हाच निघून गेलेली. नव्या कापडाला कांजी असते, ती बाळाच्या मानेला घासते, लाल होतं लगेच.

झबल्याला कागदबिगद काही नसे. कापड चौघडी घालायचं, कोपऱ्यात गळ्याचा चतकोर, बगलेखाली काटकोनात तुकडा काढायचा, पुढून उभं कापून दोन बंद. झालं झबलं. बटण नाही, कारण बाळ तोंडात घालतं. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, लोकांना उलटं वाटतं पण आत ठेवली तर बाळाच्या बगलेत टोचते. माझ्या सासूबाई धावदोऱ्याने शिवत, मशीन नव्हतंच. तिसऱ्या मुलाच्या वेळी तर ते झबलं इतकं पारदर्शक झालं होतं की आतलं बाळ दिसत असे.

हर्णैकर
काकू 👌 बगलेखाली काटकोन म्हणजे बाही अंगातूनच निघते, वेगळी जोडायला नको, बरोबर? आमच्या आजोबांनी असंच शिवलेलं माझ्यासाठी. हो, आजोबांनी. होडीवर जायचे, पावसात मासेमारीला बंदी लागली की अंगणात बसून जाळी दुरुस्त करायची, त्यातच कधी घरातलं फाटकंतुटकं. जाळ्याची गाठ मारणाऱ्या बोटांना सुई म्हणजे किस झाड की पत्ती. त्यांचा टाका सुटत नसे कधीच. आई म्हणते की चड्डी विरली, फाटली, पोतेरं झालं पण शिवण तशीच.

आता मुद्द्याचं. धागाकर्तीने मशीन माळ्यावरून काढलंय तर सांभाळून. आपल्या खाऱ्या हवेत सुई आणि दाताला (सुईखाली कापड पुढे सरकवतात ते) गंज चढतो, आणि दिसत नाही. माझ्या बायकोने पहिलीच शिलाई पांढऱ्या मलमलवर मारली आणि गळ्यावर ओळीने तांबडे ठिपके, गोंदवल्यासारखे. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवून बरेचसे गेले. आता रोज काम संपलं की दातावर चिंधी ठेवतो, तेलाचा थेंब, आणि वरून जुना गाऊन. सुई तर दर दोन महिन्यांनी नवी. पातळ कापडाला ११ नंबर, साडीला तीच चालेल. १४ ने पातळ कापडात भोकं पडतात.

पुण्यातली_मालवणी
गोदाकाकू, जुनं कापड का घालत याचं कारण मऊपणा की अजून काही? आमच्याकडे तर बाळ जन्माला येईपर्यंत काहीच शिवायचं नाही, विकत पण आणायचं नाही. मी सातव्या महिन्यात एक टोपडं शिवायला घेतलं तर आईने सुई काढून घेतली हातातून.

गोदाकाकू
दोन्ही गं. बाळं राहत नसत तेव्हा. शिवून ठेवलेलं झबलं रिकामं राहिलं तर बघवत नाही, म्हणून आधी शिवायचं नाही. त्यात अंधश्रद्धा किती आणि काळजी किती ते ज्याचं त्याने ठरवावं.

केवडा
हे मी कधी असं ऐकलं नव्हतं. मला नुसतं "शिवायचं नसतं" एवढंच सांगितलेलं.

रानमोगरा
मी शिवलं होतं आधी, सगळं व्यवस्थित झालं. पण सासूबाई आठ दिवस बोलत नव्हत्या.

बोरन्हाणाचं काळं झबलं मात्र मी घरीच शिवते, संक्रांत ते रथसप्तमी एकदाच घालायचं असतं, विकतचं कशाला. आईच्या काळ्या खणाचा तुकडा होता. त्यावर हलव्याचे दागिने. मुलीने हार खाऊन टाकला अर्धा, फोटोत दोऱ्याच दिसतायत.

देवगडचा_आंबट
आमच्या लहानपणी बाबा गणपतीच्या आधी एक तागा आणायचे. अख्खा तागा. त्यात आम्हा तिघा भावांचे शर्ट, बहिणीचा फ्रॉक, आणि उरलेल्या कापडाचा खिडकीचा पडदा. आरतीच्या फोटोत आम्ही पडद्यासमोर उभे, नुसती चार मुंडकी हवेत तरंगतायत.

पुण्यातली_मालवणी
😂😂😂 आमच्याकडे पण! बॅन्डपार्टी म्हणायचे सगळे. आणि शिंपी चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी नवं कापड घेतच नसे, "आता दिवाळीक बघूया" म्हणायचा. मग आईच बसायची. लाईट गेलेली, बाहेर धो धो, कंदील मशीनवर ठेवून पायाने खडखड. म्हणून पायाचं मशीन मोडीत देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

टाचणी
मधे घुसतोय. उरेबपट्टीताईंचं बरोबर आहे पण मला अजून एक शंका आहे. छातीला "जरा घट्टच" बसतो असं लिहिलंय. लहान मुलांच्या फ्रॉकच्या पॅटर्नमध्ये छातीला २-३ इंच तरी ढिलाई असते. गळा लहान झाला ते उरेबमुळे, पण छाती कशी घट्ट झाली? ती तर उरेबने बदलत नाही.

प्रिंट कशी काढली? दुकानातले प्रिंटर बहुतेक वेळा पीडीएफ कागदात बसवायला आपोआप लहान करतात. त्यात अमेरिकन पॅटर्न असेल तर ते तिकडच्या कागदाच्या मापाचं असतं, आपला ए-फोर त्याच्यापेक्षा अरुंद. मग सगळंच पाच-सहा टक्क्यांनी आक्रसतं आणि कुणाला कळत नाही, कारण सगळं सारख्याच प्रमाणात लहान झालेलं असतं, कागद नीट जुळतात. दुकानदाराला सांगायचं शंभर टक्क्यांवर काढ, बसवू नकोस. पहिल्या पानावर एक चौकोन असतो बघा, त्यावर माप लिहिलेलं असतं. तो पट्टीने मोजा आणि इथे सांगा. आणि फ्रॉकची उंची पण बघा, आखूड वाटतोय का?

(मी पुरुष आहे, शिवत नाही, बायको शिवते, प्रिंट मी काढतो. दोन झगे वाया गेल्यावर शिकलोय.)

केवडा
बघा! म्हणून म्हणते २०० रुपये.

उरेबपट्टी
टाचणी, हे मला सुचलंच नाही, मी अजून खाकी कागदावर हाताने आखते. पण म्हणूनच सांगते, एकदा तरी अंगाच्या मापावरून कागद काढायला शिका. छाती, उंची, खांदा, मुंढा (बाहीचा घेर), एवढ्या चार मापांत लहान मुलाचं काहीही निघतं. वयाचं माप हे काही माप नव्हे. माझ्या क्लासमध्ये एकाच वयाच्या दोन मुली येतात, एक बांगड्यासारखी एक पापलेटासारखी. युरोपातले लोक म्हणूनच कपड्यावर वय न लिहिता उंची लिहितात, ९२, ९८, १०४ असं सेंटिमीटरमध्ये, ते बरं.

आणि अंगात बसणारा एखादा जुना फ्रॉक असेल तर तोच कागदावर पसरून आखून घ्या, पाऊण इंच शिलाईला सोडा. सगळ्यात सोपं पॅटर्न तुमच्या कपाटातच असतं.

हर्णैकर
बांगडा-पापलेट 😄 क्लासमध्ये सुरमई पण येत असेल

पुण्यातली_मालवणी
उरलेल्या कापडाबद्दल माझी एक युक्ती. नवऱ्याचा शर्ट कॉलरला आणि कफला आधी विरतो, बाकी अंग धडधाकट असतं. त्याच्या पुढच्या दोन भागांवर मुलाच्या शर्टाचा कागद असा ठेवायचा की मधली रेघ बटणपट्टीवर येईल. मग काजं-बटणं आयती! काजं हाताने करायची म्हणजे माझा जीव जातो. मागच्या भागातून पाठ, आणि दोन बाह्यांच्या दोन तंगड्या, वर इलॅस्टिक, झाली लहान बाळाची पॅन्ट. इलॅस्टिक कमरेपेक्षा दोनेक इंच कमी घ्यायचं. एका शर्टात जोडी. एक वर्ष तर नवऱ्याने शोधाशोध केली शर्टाची आणि मुलगा तोच घालून समोर बसलेला.

रानमोगरा
हे भारी आहे!! करून बघते.
साडीबद्दल एक विचारायचंय कुणालातरी. काठ खाली घेरात यावा असं वाटत असेल तर कापड आडवं पडतं ना? मग लोंबतं का?

उरेबपट्टी
आडवं पडतं, बरोबर पकडलंत. साडीच्या लांबीत जातो तो ताणा, तो कमी ढिला होतो, म्हणून अंगाचा भाग नेहमी लांबीच्या दिशेने कापावा. पण घेराला चुण्या असतात, त्याला आडवं चालतं, काही बिघडत नाही. फक्त एक करा, कापायच्या आधी साडी असली तरी एकदा पाण्यातून काढून सुकवून घ्या. नव्या सुती कापडाला तर हवंच, पहिल्या धुण्यात आटतं. पावसात सुकायला दोन दिवस लागतील, लागूदेत.

गोदाकाकू
दोन दिवसांत सुकलं तर नशीब. आमच्याकडे चुलीवरच्या दांडीवर टाकत, मग सगळ्या बारशाच्या कुंच्यांना धुराचा वास. अजून मला धुराचा वास आला की लहान बाळ आठवतं.

पण नायलॉनचं काही चुलीजवळ किंवा समईजवळ नको हं, ते पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. आणि गळ्याशी ओवलेली नाडी पण नको, कुठे अडकते सांगता येत नाही.

वाळूतली_पावलं
मंडळी!!! चौकोन मोजला. त्यावर २ इंच लिहिलंय आणि भरतोय पावणेदोनच्या वर एक सूत, म्हणजे एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढून सांगितलं की सगळं सहा टक्क्यांनी लहान झालंय. आणि हो, उंचीला आखूडच आहे, मला वाटलं होतं की लेक वाढली. टाचणी, तुमचे पाय धरते.

म्हणजे प्रिंटने एक घास घेतला आणि उरेबने दुसरा. टकल्याचं माप पण घेतलं, साडेएकोणीस. गळ्याचा घेर अठरा. कसा जाणार.

देवगडचा_आंबट
म्हणजे टकला बरोबर होता. माझां बोलणां मागे घेतंय. तरी हुशार आसतलाच.

टाचणी
🙏 पुढच्या वेळी दुकानात पट्टी घेऊन जा. दुकानदार बघेल विचित्र, बघूदे.

केवडा
आता या फ्रॉकचं काय करणार पण?

वाळूतली_पावलं
केलं! काल दुपारी ती झोपली तेव्हा. उरेबपट्टीताईंनी सांगितलं तशी पाठीला चीर दिली. कात्री लावताना डोळे मिटले होते खरं सांगते. चीर साडेचार इंच गेली, जरा वाकडी, पण वर पट्टी आली की दिसत नाही. बटण आजेसासऱ्यांच्या सदऱ्याचं, शिंपल्याचं, डब्यात एकच उरलं होतं. कडी दोऱ्याची विणली. खाली उंचीला साडीच्याच काठाची तीन इंच पट्टी जोडली, काठ पुरला कसाबसा, मागे एका ठिकाणी जोड आहे. कुशीला अर्धा इंच दाब (शिलाईच्या आत सोडलेलं कापड) होता तो उसवून पाव केला, तेवढीच छाती सैल झाली.

संध्याकाळी घातला. गेला डोक्यातून! तिने आरशात बघितलं आणि म्हणाली "आज्जीची साडी मला झाली". आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती काही बोललीच नाही, नुसता कॅमेरा छताकडे.

केवडाताई, हिशेब पण केला. प्रिंट ६० रुपये, दोरा २०, तीन संध्याकाळी आणि एक दुपार. तुमच्या आंबोळ्यांच्या पिठाशी बरोबरी नाही होणार, पण पुढचा फ्रॉक दोन संध्याकाळचा असेल.

केवडा
बरं बाई, फोटो टाक निदान. आणि ती बगलेखाली काटकोनवाली झबल्याची कापणी कुणी कागदावर काढून दाखवेल का? भाचीला दिवस गेलेत. शिवणार नंतरच, काकू, काळजी नसावी.

गोदाकाकू
नातवाला सांगते काढायला, मला मोबाईलवर रेघ येत नाही सरळ.

वाळूतली_पावलं
फोटो गणपतीनंतर, आत्ता मुलगी अंगावरून काढूच देत नाहीये, परवापासून तोच. आणि मुंबईहून जाऊबाई आल्यात, त्यांच्या मुलाला पण "तसाच" हवाय, साडीचा नको, शर्ट हवाय. पुण्यातली_मालवणी, तुमची बटणपट्टीची युक्ती मोठ्याने वाचून दाखवली घरात, तेव्हापासून नवऱ्याने कपाटाला कुलूप लावलंय.